मांडवीतले न दिसणारे रान

गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाची आणि मांडवीची गाठ बहुधा पुलावर पडते आणि पुलावरच सुटते. गाडी पर्वरीचा उतार उतरते, उजव्या हाताला जुगाराच्या बोटींचे दिवे लखलखू लागतात, समोर पणजीची घरे टेकडीच्या कुशीत ओळीने बसलेली दिसतात, गाडीतले कोणी तरी म्हणते, "ही मांडवी बरं का!" सगळे माना वळवतात, आणि मान नीट वळण्याच्या आतच पूल संपतो. २०१९ साली तिसरा, उंच पूल झाला. तेव्हापासून तर नदी जवळून पाहण्याची तेवढीही संधी उरली नाही. मग पुढचे चार दिवस समुद्र, देवळे, चर्च, काजू आणि मासळी. नदी राहिली ती राहिलीच.

खरे म्हणजे ज्या मासळीवर आपण एवढा जीव टाकतो, तिच्यातली पुष्कळशी ज्या रानात चरून मोठी होते ते रान याच नदीत आहे. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एवढीच त्याची अडचण. मांडवीच्या कोणत्याही धक्क्यावर वाकून तांब्याभर पाणी काढा. त्यात हजारो, कधी लाखो झाडे असतात. झाडे हा शब्द मी कवीच्या थाटात वापरलेला नाही. सूर्यप्रकाश घेऊन आपले अन्न आपण शिजवणारी आणि प्राणवायू बाहेर टाकणारी, बहुतेक एकाच पेशीची ही वनस्पती आहे. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पाणी नेईल तिकडे जायचे, एवढाच तिचा संसार. शास्त्रज्ञ तिला वनस्पतिप्लवक म्हणतात. हेन्सन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली अशा तरंगत्या जीवांना 'प्लँक्टन' हे नाव दिले; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटका. पृथ्वीवरच्या साऱ्या वनस्पतींचे वजन केले तर या भटक्यांचा वाटा शंभरात एकाहूनही कमी भरेल. परंतु सूर्यप्रकाशावर या पृथ्वीतलावर जेवढे अन्न तयार होते त्यातले जवळजवळ निम्मे हेच तयार करतात!

गेल्या मार्गशीर्षात या रानात हिंडून येण्याचा योग आला, तो भाऊसाहेबांमुळे. भाऊसाहेब वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षे झाली. इतर लोक निवृत्तीनंतर काशीयात्रेला जातात, हे नद्यांचे पाणी भरत हिंडतात. आम्ही उभयता आणि माझी बारावीतली पुतणी मुक्ता असे गोव्याला निघालो आहोत असे कळताच त्यांनी "मीही येतो" म्हणून कळवले, आणि पुण्याच्या स्टँडवर ते हजर झाले ते घोंगडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक तान्ह्या बाळासारखा छातीशी धरूनच. सौ.ने आपल्याबरोबर घेतलेल्या लाडवांच्या डब्याला त्या बाळाच्या शेजारी जागा मिळाली, हा त्या डब्याचा मोठाच सन्मान होता.

पहिल्या दिवशी सकाळी पणजीच्या समोरच्या काठावरून, बेतीहून, एका मच्छीमाराच्या होडीत बसलो आणि रेइश मागुशच्या किल्ल्याखालून आग्वादच्या दिशेने निघालो. येथे नदी चांगलीच रुंद होऊन समुद्राला मिळते. भाऊसाहेबांनी पोतडीतून पांढऱ्या जाळीची एक निमुळती पिशवी काढली. गांधीटोपीला कोणी हातभर लांब शेपूट लावले तर कसे दिसेल, तशी. शेपटाच्या टोकाला एक बाटली. या जाळीची भोके मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. होडीमागे ती दहा मिनिटे ओढली, की पाणी गळून जाते आणि जे अडकायचे ते बाटलीत येऊन बसते. याहूनही बारीक जाती जाळीतून खुशाल निसटतात. म्हणून एक बाटली न गाळलेल्या पाण्याचीही भरून घेतात आणि तीत आयोडिनचे दोन थेंब टाकून ठेवतात.

दुसरे उपकरण तर कोणीही घरी करावे इतके साधे. पांढऱ्या रंगाची एक थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तेथे दोरीला गाठ मारायची. त्यावरून पाण्यात प्रकाश किती खोल शिरतो ते कळते. ही युक्ती सेक्की या इटालियन पाद्र्याची. आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या या धर्मगुरूने १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशा थाळ्या सोडून पाहिल्या आणि त्याचे नाव कायमचे त्या थाळीला चिकटले. आमच्या होडीवाल्याला हा प्रकार फार आवडला. थाळी दिसेनाशी झाली की प्रत्येक वेळी तो भाऊसाहेबांच्या आधी ओरडत असे.

त्या रात्री जेवणाचे टेबल स्वच्छ पुसून त्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. खानावळीच्या मालकीणबाई, त्यांचा मुलगा, भांडी घासणारी पोर, सगळे भोवती जमले. बाटलीत पाहावे तर तळाशी चिमूटभर पिंगट गाळ. चहाच्या कपात उरतो तसा. त्यातला एक थेंब काचेवर ठेवला आणि पहिला मान सौ.ला मिळाला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डोळा न काढताच म्हणाली, "अहो, ही तर कुणी रांगोळी घातलीय!"

मी पाहिले, आणि तिचे म्हणणे पटले. एक वाटोळी तबकडी, तिच्यावर केंद्रापासून कडेपर्यंत टिंबांच्या रांगा इतक्या नेमक्या की ठिपके मोजून काढाव्यात. ही कोसिनोडिस्कस. तिच्या शेजारी मण्यांच्या कंठीसारखी एक लांब साखळी. दोन मण्यांच्या मध्ये केसाहून बारीक काड्या. ही स्केलेटोनिमा. या माळेचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ती पुन्हा भेटणार आहे. चारी कोपऱ्यांना लांब काटे फुटलेली किटोसेरॉस, आणि इंग्रजी एस अक्षरासारखी डौलदार वळलेली प्लुरोसिग्मा. पूर्वी सूक्ष्मदर्शक विकत घेताना त्याच्या भिंगाची परीक्षा याच प्लुरोसिग्मावर करीत. तिच्या अंगावरच्या रेघा सुट्या दिसल्या तर भिंग चांगले. मधूनच नांगरासारखे तीन टोकांचे एक जहाज चित्राच्या कडेला अडकून पडलेले. ते सेराशियम, वेगळ्या घराण्यातले. त्याला हलता दोरा असतो आणि त्याच्या जोरावर तो थोडेफार पोहूही शकतो.

पहिल्या चौघी मात्र एका घराण्यातल्या. त्यांना डायटम म्हणतात, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येकीचे घर काचेचे असते. काच म्हणजे सिलिका. वाळूत असते ती. पाण्यात विरघळलेली सिलिका ओढून घेऊन ही पेशी आपल्याभोवती एक डबी घडवते, आणि डबीला खरोखरच तळ आणि झाकण असते. हळदीकुंकवाच्या करंड्याला असते तसे. वंशवाढ व्हायची वेळ आली की करंडा उघडतो. एका लेकीच्या वाट्याला झाकण येते, दुसरीच्या वाट्याला तळ. आता गंमत पाहा. दोघीही वाट्याला आलेला भाग झाकण म्हणून वापरतात आणि त्याच्या आत बसेल असा नवा तळ घडवतात. त्यामुळे जिला आईचे झाकण मिळाले ती आईएवढीच राहते, आणि जिला तळ मिळाला तिचा करंडा किंचित लहान होतो. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की घराणे एकीकडून लहान लहान होत जाते. ते फारच लहान झाले, म्हणजे एखादी पेशी आपला करंडा टाकून देते, बीजसंयोगाने फुगून मूळच्या मापाची होते आणि नवा, मोठा करंडा घडवते.

"म्हणजे वाटण्या करून करून वाडा संपला, की एखाद्यानं नवं घर बांधायचं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यावरून त्यांच्या घरी अशा वाटण्या नुकत्याच होऊन गेल्या असाव्यात.

ही वाढ किती झपाट्याने होते? बरे दिवस असले तर दिवसाला एकदा एकीच्या दोन. मुक्ताने हातरुमालाएवढ्या कागदावर हिशेब केला: विसाव्या दिवशी एकीच्या दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. अर्थात त्या तशा उरत नाहीत. त्यांना खाणारे बारीक जीव त्याच पाण्यात टपलेले असतात, आणि त्या जिवांना खाणारे त्यांच्या मागे. नाहीतर मांडवीची खीर व्हायला महिनादेखील लागला नसता.

दुसऱ्या दिवशी नदीच्या उलट अंगाने, वर निघालो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, तेथल्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या खारफुटीतून एक फेरी, आणि दुपारी जुने गोवे. बॉम जेझूच्या बॅसिलिकेला प्रवासी आत जाऊन संत झेवियरची पेटी पाहतात, ते योग्यच आहे. भाऊसाहेबांनी मात्र आम्हांला बाहेर, भिंतीपाशी उभे केले. या इमारतीचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकलेला आहे, त्यामुळे तांबडा जांभा उघडा दिसतो. भोकाभोकांचा, लोहाच्या रंगाचा.

"हा दगड पाहा," ते म्हणाले. "कोकणात आणि गोव्यात निम्मी घरं याच्याच चिऱ्यांची. हा तयार कसा होतो? मूळच्या कातळावर हजारो-लाखो वर्षं ऊन आणि पाऊस. पावसाचं पाणी झिरपत झिरपत त्यातली सिलिका विरघळवून नेतं. मागं राहतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. आणि नेलेली सिलिका कुठं गेली?"

"नदीत," मुक्ता म्हणाली.

"आणि नदीतून?"

मुक्ताने उत्तर दिले नाही. ती बाटलीकडे पाहू लागली. आदल्या रात्रीचे काचेचे करंडे आम्हा सगळ्यांना एकदमच आठवले. एकाच कातळाच्या अशा दोन वाटण्या झाल्या आहेत. जे मागे राहिले त्याची माणसांनी घरे बांधली, आणि जे वाहून गेले त्याची डायटमांनी. मला तरी त्या चर्चमधल्या साऱ्या सोन्याच्या नक्षीपेक्षा ही गोष्ट अधिक आवडली.

जुन्या गोव्याहून फेरीने पलीकडे दिवाडी बेट. या बेटावर आणि चोडणवर खाजण शेते आहेत. भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खालची जमीन. तिला बांध घालून, बांधाला लाकडी दारे बसवून माणसाने ती कित्येक शतके राखली आहे. या दारांच्या जागेला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. पावसाळ्यात येथे कोरगुट नावाचा, खारेपण सोसणारा भात होतो; पुढे त्याच शेतात पाणी घेऊन सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि मासे. मानशीपाशी जाळे घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते. भाऊसाहेबांनी त्यांना पाण्याच्या खारेपणाबद्दल विचारले. त्यांनी बोट पाण्यात बुडवून जिभेला लावले आणि म्हणाले, "पावसांत उदक गोड जाता, मागीर खारें जाता." भाऊसाहेबांनी आपली क्षार मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढून थेंब तपासला. सकाळी आग्वादजवळ हजारात ३२ भाग मीठ होते. येथे २० भरले. म्हाताऱ्याने नळीतून पाहून मान डोलावली, पण त्याचे आपल्या बोटावरचे प्रेम कमी झालेले दिसले नाही.

दिवाडीच्या पाण्यातली रांगोळी विरळ होती. माळा होत्या, परंतु आग्वादच्या नक्षीदार तबकड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. त्याचे कारण सोपे आहे. येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे २ मीटर चढते-उतरते, आणि त्याबरोबर मीठही. समुद्रातली पेशी गोड्या पाण्यात सापडली तर पाणी शोषून फुगते. गोड्या पाण्यातली खाऱ्यात आली तर मिठात घातलेल्या आवळ्यासारखी आकसते. मधल्या पट्ट्यात टिकायचे तर दोन्ही सोसता आले पाहिजे. ते फार थोड्यांना जमते. म्हणून येथे जाती कमी, पण आहेत त्या मोठ्या खमक्या. गाळाच्या अंगावर मात्र दुसरीच वस्ती होती. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी तपकिरी साय धरलेली दिसते, ती सगळी डायटमांची. शेवटा मासा ओठांनी चिखल चाटत हिंडतो तो याच सायीसाठी.

त्या दिवशी जेवणात तिसऱ्यांचे सुके होते. सौ.ने एक शिंपला उचलून विचारले, "आणि ही काय खाते?" भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही काल पाहिलीत ती रांगोळी." तिसऱ्या, खुबे, कालवे, शिणाणे ही सगळी मंडळी जागची हलत नाहीत, पाणी आत घ्यायचे, त्यातले प्लवक गाळून ठेवायचे आणि पाणी सोडून द्यायचे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या झिरझिरीत शिंपल्या बसवलेल्या दिसतात, तो प्राणीही असाच पाणी गाळून जगणारा. मोठे मासे बारीक माशांवर, बारीक मासे पाण्यातल्या किड्यांवर, आणि किडे प्लवकांवर. गोव्याच्या ताटातली आमटी मागे मागे नेत गेले, तर शेवटी त्या चिमूटभर पिंगट गाळाशी येऊन थांबावे लागते.

तिसरा दिवस फोंड्यावरून उसगाव आणि गांजे. मुखापासून सुमारे ५० किलोमीटरवर, गांजेपर्यंत, भरतीची लाट नदीत जाणवते. त्याच्या वर ती निव्वळ सह्याद्रीची नदी. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातून ती निघते आणि सत्तरीत उतरते; तेथे तिला म्हादई म्हणतात. दूधसागराचे पाणी घेऊन खांडेपार तिला मिळते, साखळीच्या विठ्ठलाचे पाय धुऊन वाळवंटी येते, आणि मग खाली ती मांडवी होते. माहेरी म्हादई, सासरी मांडवी. माहेरचे सारे गोड, हे ओघाने आलेच.

गांजेला नळीत मीठ शून्य. पाणी इतके नितळ, की सेक्कीची थाळी तळाच्या गोट्यांवर जाऊन टेकली तरी दिसतच होती. रात्री वाळपईला मुक्काम केला आणि थेंब पाहिला, तर आम्ही दुसऱ्याच देशात आलो होतो. आता पिंगट रंग कमी, हिरवा जास्त. चंद्रकोरीसारखी क्लोस्टेरियम, मध्ये आवळलेले, दोन अर्धुके जोडल्यासारखे कॉस्मेरियम, दात्यांच्या चाकासारखी पेडियास्ट्रम, चार-चार पेशींची खाटेसारखी सेनेडेस्मस. स्पायरोगायरा तर शाळेच्या पुस्तकातूनच उठून आलेली, पोटात हिरवी फीत गुंडाळून घेतलेली. डायटम येथेही होत्या, पण बहुतेक साध्या होडीच्या आकाराच्या, दगडांवरून सुटून आलेल्या. आग्वादच्या ओळखीची एकही नव्हती. एकच नदी, सकाळी निघून दुपारी पोचावे एवढे अंतर, आणि रानातले एक झाड दुसऱ्या टोकाला ओळखू येऊ नये!

येथे प्रवास संपला असता. परंतु भाऊसाहेब म्हणाले, "अर्धीच नदी पाहिली. उरलेली श्रावणात."

म्हणून यंदाच्या श्रावणात पुन्हा गेलो. पावसाळ्यात गोव्याला येणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. मला वाटते, खरा गोवा तेव्हाच असतो. वर्षाच्या पावसापैकी बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून घेतो. पणजीच्या धक्क्यावर उभे राहिलो तर समोर तांबडे, घुसळलेले, झाडाच्या फांद्या वाहून नेणारे पाणी. थाळी वीतभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली. ओहोटीच्या वेळी वरचे पाणी बोटाने चाखले, गोड! डिसेंबरात जेथे समुद्र होता तेथे आता सत्तरीचे पाणी होते. आणि थेंबात? गांजेची चंद्रकोर पणजीला आली होती. दात्यांची चाके, हिरव्या खाटा, नळ्या जोडल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या डायटमांच्या साखळ्या. सारे माहेर वाहून खाली आलेले. फार नव्हत्या, गढूळ पाण्यात त्यांना ऊन मिळत नाही आणि प्रवाह थांबूही देत नाही. पण होत्या त्या वरच्याच.

तीन दिवसांनी पावसाने उघडीप दिली. ऊन पडले, पाणी थोडे निवळले, भरतीबरोबर तळाने खारे पाणी आत सरकले, आणि चौथ्या दिवशीच्या बाटलीत मण्यांच्या माळाच माळा! स्केलेटोनिमा. पावसाने सह्याद्रीवरून आणलेली सिलिका आणि पालापाचोळ्याचे सत्त्व पाण्यात तयारच होते, फक्त उन्हाची वाट होती. ही माळ मीठ पुष्कळ असले तरी जगते, कमी झाले तरी जगते, आणि संधी मिळताच सगळ्यांच्या आधी वाढते. पाऊस संपल्यावर हळूहळू बाकीच्या येतात. वैशाखापर्यंत समुद्राचे पाणी पार वरपर्यंत चढते. त्या सुमारास बाहेर समुद्रावर कधी कधी लाकडाच्या भुशासारखा पिवळट तवंग पसरतो, तो ट्रायकोडेस्मियमचा. मग मृग निघतो आणि सगळी पाटी पुसली जाते.

हा ऋतुक्रम गोव्यात बारकाईने पाहिला गेला आहे. हिंदी महासागराच्या १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर, १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे पणजीजवळ दोनापावलाला आहे. देवसी आणि गोएस यांनी मांडवी आणि जुवारी या जोडनद्यांतल्या वनस्पतिप्लवकांच्या वस्तीवर आणि तिच्या क्रमावर लिहिलेला निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. डायटमांचे राज्य त्यातही आहे. एका नदीत जाती किती, या प्रश्नाला म्हणूनच एका दिवसाचे उत्तर नसते. मांडवीची श्रीमंती एका बाटलीत मावत नाही. ती वर्षभर पाळीपाळीने रंगमंचावर येते.

आणि पाळी चुकली तर? हा प्रश्न मी भाऊसाहेबांना रायबंदरच्या फेरीवर विचारला. समोरून खनिजाची एक बार्ज जात होती. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या, अलीकडे काही पुन्हा सुरू झाल्या आहेत. खाणीचा गाळ पाण्यात आला की ऊन खाली जात नाही, आणि ऊन नाही तेथे रान नाही. शहराचे सांडपाणी आले तर उलटेच संकट. खत फार झाले की एखादीच जात माजते, बाकीच्या मरतात, आणि ती माजलेली जातही कुजू लागली म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे वर येऊन तोंडे उघडतात.

तिसरी गोष्ट पाण्याच्या वाटणीची. म्हादईचे पाणी कोणी किती घ्यावे यासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट, गोव्याला २४, आणि वाळवंटीचा उगम आपल्या दोडामार्गाकडे असल्यामुळे महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ अब्ज घनफूट कळसा आणि भांडुरा नाल्यांवरून खोऱ्याबाहेर, मलप्रभेकडे वळवायचे आहे. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. पलीकडच्या लोकांनाही प्यायला पाणी हवे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाऊसाहेबही ते नाकारीत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की निवाड्यात आकडे वर्षाचे असतात आणि नदी महिन्यांवर जगते. जुलैत मांडवीला पाण्याची ददात नाही. फाल्गुन-चैत्रात, वरून येणारी धार करंगळीएवढी होते तेव्हा, तीच धार खाऱ्या पाण्याला कोठे थांबायचे ते सांगते. ती आणखी बारीक झाली तर समुद्र चार गावे वर येईल. त्याच्याबरोबर आग्वादच्या तबकड्या वर येतील, चंद्रकोरी मागे सरतील. तिसऱ्यांना आणि सुंगटांना हा बदल मानवेल की नाही, हे कोणी त्यांना विचारलेले नाही. मला स्वतःला असे वाटते, की लवादापुढे एक सूक्ष्मदर्शक मांडून प्रत्येक पक्षाच्या वकिलाला पाच मिनिटे त्यात डोळा घालायला लावले असते, तर काही बिघडले नसते.

मुक्ताच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. पावसात मीठ नाहीसे झाले, आग्वादच्या त्या सगळ्या काचेच्या बाया गेल्या कुठे? आणि माळा चौथ्याच दिवशी आल्या कुठून? भाऊसाहेब म्हणाले, काही समुद्रात वाहून जातात, आणि पुष्कळशा तळाशी, जाड कवचाची बीजे होऊन चिखलात निजतात. ऊन आणि मीठ मिळाले की उठतात. "खरं वाटत नसेल तर चिखल घेऊन चल."

तिने तो खरोखरच घेतला. रायबंदरच्या काठचा दोन चमचे काळा चिखल आणि मीरामारहून भरलेली समुद्राच्या पाण्याची बाटली, असे सामान पुण्यापर्यंत आले. घरी लोणच्याची एक रिकामी बरणी धुऊन, समुद्राचे पाणी फडक्यातून गाळून घेऊन, त्यात चिमूटभर चिखल टाकला आणि बरणी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी निवळले. पाचव्या दिवशी काचेच्या आतल्या अंगाला, उन्हाच्या बाजूने, फिकट सोनेरी साय धरली. मुक्ता सायकल काढून भाऊसाहेबांकडे गेली आणि ते जेवणावरून उठून सूक्ष्मदर्शक घेऊन आले. होडीच्या आकाराच्या बारीक डायटम इकडून तिकडे सरकत होत्या, आणि त्यांच्या मधोमध, सहा मण्यांची एक माळ. दोन दिवसांनी ती अकरा मण्यांची झाली.

पुढच्या आठवड्यात गणपती होते. सौ.ला मोदकांच्या पुरणासाठी खिडकीतली जागा हवी होती. तिने पुरणाचे पातेले खाली ठेवले आणि बरणी तेथेच राहू दिली.